सावूरचे डॉ. अझीझ सांजार : एका संशोधकाची वाटचाल



तुर्कस्तान म्हटले की आपल्या घरांतून अजूनही दोन गोष्टी आठवतात. एक खिलाफतीची चळवळ, जिच्या सभांच्या हकिगती जुन्या माणसांकडून ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. आणि दुसरी केमाल पाशांची, ज्यांच्या राजवटीत १९२४ मध्ये ती खिलाफतच बरखास्त झाली. वर्गात इतिहास शिकवताना मीही तेथपर्यंत येऊन थांबतो, कारण पाठ्यपुस्तक तेथे थांबते. त्यानंतर त्या देशातील खेड्यांचे काय झाले आणि त्यांपैकी एका गावातील मुलगा कॅन्सरच्या संशोधनात कोठवर पोहोचला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

तुर्कस्तानात १९२३ मध्ये प्रजासत्ताक आले आणि १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली. ज्यांना जुन्या लिपीत चार ओळी वाचता येत होत्या, तेही त्यामुळे पुन्हा अक्षरओळखीला बसले. शहरांनी हा बदल पचवला. खेड्यांत मुळात शाळाच थोड्या होत्या, आणि शहरात शिकलेला शिक्षक खेड्यात टिकत नसे. (ही तक्रार आपल्यालाही काही नवी नाही.) तेव्हा १९४० मध्ये शिक्षणमंत्री हसन अली यूजेल आणि प्राथमिक शिक्षणाचे प्रमुख इस्माईल हक्की तोंगुच यांनी एक वेगळाच मार्ग काढला. त्यांनी खेड्यातलीच मुले आणि मुली घेऊन त्यांतून शिक्षक घडवणाऱ्या ग्रामसंस्था काढल्या. अशा एकवीस संस्था उभ्या राहिल्या. तेथे पाच वर्षांत शेती, सुतारकाम आणि गवंडीकाम शिकवत, जगातील उत्तम साहित्य वाचून घेत आणि हाती मॅन्डोलिनही देत. कित्येक इमारती तर विद्यार्थ्यांनीच विटेवर वीट रचून बांधल्या. शिक्षण संपले की खेड्यात जाऊन वीस वर्षे शिकवायचे, असे बंधन होते. पुढे या संस्थांवर राजकीय आरोप झाले, वादळ उठले आणि १९५४ मध्ये त्या बंद करण्यात आल्या. पण तोपर्यंत सतरा हजारांच्या आसपास शिक्षक त्यांतून बाहेर पडून गावोगाव पोहोचले होते.

शिक्षक असल्यामुळे मी या भागावर जरा जास्त रेंगाळलो, हे खरे. पण त्याला कारण आहे. याच शिक्षकांच्या हाताखाली अझीझ सांजार नावाचा एक मुलगा शिकला, आणि पुढे आयुष्यभर त्याने त्यांचे ऋण मानले. (रोमन लिपीतील त्यांचे आडनाव आपल्याकडे 'सँकार' असे वाचले जाते, तुर्कीत 'सी' या अक्षराचा उच्चार 'ज' होतो, म्हणून सांजार.)

अझीझ सांजार यांचा जन्म ८ सप्टेंबर १९४६ रोजी मार्दिन प्रांतातील सावूर या गावी झाला. मार्दिन हा तुर्कस्तानच्या आग्नेय कोपऱ्यातला, सीरियाच्या सीमेला लागून असलेला भाग. आईवडील शाळेत गेलेले नव्हते. आठ भावंडे, त्यांत अझीझ सातवे. पण मुलांनी शिकले पाहिजे याविषयी त्या आईवडिलांच्या मनात कधी दुमत नव्हते. पालकसभेत आपल्याकडील एखादी माउली पदर सावरत म्हणते, "सर, मला काय कळतंय त्यातलं, तुम्हीच बघा." तिला मला हे उदाहरण सांगावेसे वाटते. मुलाच्या वहीत काय लिहिले आहे हे वाचता आलेच पाहिजे असे नाही. मूल रोज वही उघडते की नाही, एवढे घरच्यांनी पाहिले तरी पुष्कळ होते.

अझीझ फुटबॉल चांगले खेळत. ते गोलरक्षक होते, आणि अठरा वर्षांखालील राष्ट्रीय संघाच्या चाचणीपर्यंत त्यांची मजल गेली होती. गोलरक्षकाला लागते तेवढी उंची आपल्याला नाही असे वाटून त्यांनी तो नाद सोडला. खरी ओढ रसायनशास्त्राची होती. पण इस्तंबूलच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि तिकडे गेले. तेथे दुसऱ्या वर्षी जीवरसायनशास्त्र हा विषय आला आणि त्यांच्या मनाने तेव्हाच ठरवले की हेच करायचे. १९६९ मध्ये ते डॉक्टर झाले. संशोधनाकडे लगेच वळायची इच्छा होती, परंतु आधी रुग्णसेवा करावी असा सल्ला मिळाला. त्यांनी तो मानला, आणि आपल्याच भागात जाऊन सुमारे दोन वर्षे खेडोपाडीच्या रोग्यांवर उपचार केले.

आता विचार करा. आपल्या मोहल्ल्यातला एखादा मुलगा डॉक्टर झाला, दवाखान्याची पाटी लागली, अम्मी-अब्बांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि दोन वर्षांनी तो पाटी उतरवून म्हणाला, "मी पुन्हा विद्यार्थी होतो." घरात काय होईल? अझीझ यांनी नेमके तेच केले. १९७१ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. तेथे त्यांचे जमले नाही. भाषा नवी, माणसे नवी, रीतभात नवी. दीडेक वर्षात ते मायदेशी परतले आणि पुन्हा डॉक्टरकी करू लागले. सर्वसाधारण माणसाची कथा येथेच संपते. परदेशी जाऊन परत आलेल्याला आपल्याकडे काय काय ऐकून घ्यावे लागते, हे सांगायला नको.

पण एक प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून बसला होता. मी इतिहासाचा शिक्षक. शास्त्राचा हा भाग विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्याकडून तपासून घेऊन सांगतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पेशीतील डीएनएवर पडले की त्यातील शेजारशेजारची दोन अक्षरे एकमेकांना चिकटतात. डीएनए म्हणजे पेशीचा दस्तऐवज. त्यातली अक्षरे चिकटली की पुढची नक्कल चुकते आणि जंतू मरतो. परंतु १९४९ मध्ये अल्बर्ट केल्नर यांना असे आढळले, की अतिनील किरणांनी मरणपंथाला लागलेल्या जंतूंवर साधा दृश्य प्रकाश पाडला तर ते पुन्हा जगू लागतात. प्रकाशच मारतो आणि प्रकाशच तारतो, हा काय प्रकार? त्यामागे एक एन्झाइम आहे हे क्लॉड रूपर्ट यांनी पुढे दाखवले. त्याचे नाव फोटोलायेज. ते पेशीत इतके थोडे असते की हाती लागणे मुश्किल.

सांजार यांनी रूपर्ट यांना पत्र लिहिले आणि १९७३ मध्ये त्यांच्या हाताखाली डॅलस येथील टेक्सास विद्यापीठात दाखल झाले. १९७६ मध्ये त्यांनी फोटोलायेजचा जनुक वेगळा काढून जंतूंकडून ते एन्झाइम भरपूर बनवून घेतले. १९७७ मध्ये पीएच. डी. मिळाली. त्याच विद्यापीठात शिकणाऱ्या ग्वेन बोल्स यांच्याशी १९७८ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्याही याच विषयातील संशोधक, आणि पुढे पतीबरोबर एकाच विद्यापीठात प्राध्यापक.

आता या वाटचालीतील सर्वांत महत्त्वाचे वळण येते. एवढे काम पदरी असताना सांजार यांनी पुढील संशोधनासाठी तीन ठिकाणी अर्ज केले, आणि तिन्ही ठिकाणांहून नकार आला. त्यांच्या कामाचे मोल त्या वेळी फारसे कोणाला वाटले नाही. फोटोलायेजचे काम गुंडाळून ठेवावे लागले. तेव्हा येल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत, डीन रप यांच्या प्रयोगशाळेत, त्यांनी लॅब टेक्निशियनची जागा पत्करली. होय, टेक्निशियनची. गाठीला डॉक्टरची पदवी, तिच्यावर पीएच. डी., आणि जागा प्रयोगशाळेतील मदतनिसाची. डीएनएच्या दुरुस्तीचे काम तेथे चालत होते, एवढेच त्यांनी पाहिले.

हुद्द्याची ओढ आपल्या समाजात काही कमी नाही. मुलाने काय केले यापेक्षा तो 'काय लागला' हे आधी विचारले जाते. मी पालकांना दोष देत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच पदवी येते त्या घराला तिचे चीज लगेच व्हावेसे वाटणारच. परंतु पदवी आणि हुद्दा यांची जोडी जमत नाही अशी काही वर्षे पुष्कळ संशोधकांच्या आयुष्यात येतात, आणि नेमक्या त्याच वर्षांत घरून पाठिंबा हवा असतो. सांजार यांची येलमधील अशी पाच वर्षे आहेत, १९७७ पासून १९८२ पर्यंत.

त्या पाच वर्षांत काय झाले ते पाहा. फोटोलायेज प्रकाशात काम करते. पण जंतूंमध्ये अंधारातही चालणारी दुसरी दुरुस्ती असते, हे ठाऊक होते. ती कशी चालते, याचा नेमका उलगडा झाला नव्हता. तिच्याशी संबंधित तीन जनुक माहीत होते. सांजार यांनी त्या तिन्हींपासून तयार होणारी प्रथिने वेगळी केली आणि परीक्षानळीत एकत्र आणली. मग दिसले ते असे. ही प्रथिने बिघडलेली जागा शोधतात, तिच्या दोन्ही बाजूंस एकेक काप घेतात आणि बारा-तेरा अक्षरांचा तुकडा काढून टाकतात. मोकळ्या जागेत समोरच्या धाग्यावरून पाहून नवी अक्षरे भरली जातात. आपल्या बाजारपेठेतला रफूगर शेरवानीवरचा जळका डाग असाच काढतो. नुसता डाग खरवडत नाही. भोवतालचे धागे कापून काढतो आणि विणीला वीण जुळवून जागा भरतो. हे संशोधन १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधीच, १९८२ मध्ये, त्यांना चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात जीवरसायनशास्त्र विभागात अध्यापकाची जागा मिळाली होती. १९८४ मध्ये तरुण संशोधकांसाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय पुरस्कारही आला.

यानंतरची कारकीर्द लांब असली तरी तिचा धागा एकच आहे. जंतूंमध्ये जे सापडले ते माणसात कसे घडते? १९९२ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले, की माणसाच्या पेशीही दोन्ही बाजूंस काप घेतात. पण येथे निघणारा तुकडा तीसेक अक्षरांचा असतो आणि कामाला कितीतरी अधिक प्रथिने लागतात. याचे महत्त्व कळायचे तर झेरोडर्मा पिगमेंटोसम हा दुर्मिळ आजार पाहावा. यात ही दुरुस्ती जन्मतःच अधू असते, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये शोधून काढले होते. अशा मुलांना उन्हात जाता येत नाही. कोवळ्या वयात त्वचेचा कॅन्सर होतो. कॅन्सर आणि डीएनएची दुरुस्ती यांचे नाते किती जवळचे आहे, हे त्या मुलांच्या अंगावरच लिहिलेले असते.

दुसरी बाजूही आहे. सिस्प्लॅटिन हे कॅन्सरवरील औषध रोगी पेशींच्या डीएनएत असाच बिघाड मुद्दाम करते, आणि पेशीतील रफूगर तोही दुरुस्त करायला धावतो. म्हणजे जो निरोगी माणसाला वाचवतो तोच कॅन्सरच्या पेशीलाही वाचवतो. म्हणून ही दुरुस्ती केव्हा जोरात चालते हे समजणे उपचारासाठी मोलाचे आहे. सांजार यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा दुरुस्तीचा वेग दिवसाच्या घड्याळाप्रमाणे कमीजास्त होतो असे आढळले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पहाटे चारला अतिनील किरण दिलेल्या उंदरांना, दुपारी चारला दिलेल्या उंदरांपेक्षा, त्वचेच्या गाठी सुमारे पाचपट झाल्या. हे उंदरांचे झाले; त्यावरून माणसांनी उगाच निष्कर्ष काढू नयेत.

आणि ते फोटोलायेज? ज्याच्यासाठी डॉक्टरकी सोडली ते एन्झाइम? चॅपल हिलला आल्यावर त्यांनी ते काम पुन्हा हाती घेतले आणि ते प्रकाश पकडते कसे हे वर्षानुवर्षे अभ्यासले. १९९३ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेने दाखवून दिले की माणसात ते नाहीच. आपल्यात त्याची भावंडे म्हणावीत अशी क्रिप्टोक्रोम नावाची प्रथिने आहेत, आणि ती डीएनए दुरुस्त करत नाहीत. ती शरीराचे दिवसरात्रीचे घड्याळ चालवतात. वर सांगितलेल्या घड्याळाकडे सांजार वळले ते याच वाटेने.

७ ऑक्टोबर २०१५ रोजी पहाटे त्यांच्या घरचा फोन वाजला आणि तो ग्वेन यांनी उचलला. टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासह त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले होते. अशा वेळी 'आपल्यातले' किती झाले याची मोजदाद सुरू होते. तो आनंद कोणी हिरावून घेऊ नये. मला मात्र १९७३ ते २०१५ ही बेचाळीस वर्षे मोजावीशी वाटतात.

पुरस्काराचे पदक त्यांनी स्वतःजवळ ठेवले नाही. १९ मे २०१६ रोजी, तुर्कस्तानात युवक दिन साजरा होतो त्या दिवशी, ते अंकारा येथे केमाल पाशांच्या समाधिस्थळी देऊन टाकले. आपल्याला शिक्षण मिळाले ते प्रजासत्ताकाने खेड्यापर्यंत नेले म्हणून, अशी त्यांची भावना होती. चॅपल हिलमध्ये या पतिपत्नींनी नोबेलच्या कितीतरी आधी एक प्रतिष्ठान काढून 'तुर्की घर' उभे केले होते. तुर्कस्तानातून शिकायला आणि संशोधनाला येणाऱ्या नवख्या मुलामुलींना तेथे उतरता यावे, आपल्या भाषेत दोन शब्द बोलायला कोणी भेटावे, म्हणून.