पोवळ्याचा ताळेबंद

आम्हा बिडकीनकरांचा समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर. पोवळ्याशी आमची ओळख अंगठीपुरती. मंगळ शांत राहावा म्हणून आईने माझ्या बोटात घातलेली. त्यामुळे चिरंजीवांनी "बाबा, काचेच्या पेटीत प्रवाळ पाळू या" म्हटल्यावर मी बी.कॉम.ला जागून आधी हिशेब मागितला.

हिशेब असा निघाला. प्रवाळ हा दगड नव्हे, प्राणी. उथळ समुद्रातल्या प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ पोटभाडेकरू असते. उजेडावर साखर करून ते भाडे भरते. पाण्यात तांबडा उजेड पहिल्या काही मीटरांतच खर्ची पडतो, निळा खोलवर शिल्लक उरतो. म्हणून शेवाळाची भिस्त निळ्यावर. उजेड कमी पडला तर उपासमार. फार झाला तर भाडेकरू बाहेर आणि प्रवाळ पांढरेफटक!

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, तेव्हा एलईडीचा पत्ताच नव्हता. तांबडा १९६२ साली आला. झगझगीत निळ्यासाठी १९९३ उजाडले. त्या निळ्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल मिळाले.

दिव्यांचा ताळेबंद जुळला, पण कायद्याचा जुळेना. २००१ पासून भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. पेटी गप्पी माशांना मिळाली.

चिरंजीव माझ्या अंगठीकडे बघत म्हणाले, "मग हे पण कधीतरी जिवंत होतं?"

मंगळाचे ठाऊक नाही. त्या रात्री मी काही शांत झोपलो नाही.