१९३५ सालच्या तबकड्या

पवनानगर हें नांव १९३५ सालीं कोणाच्याहि ओठीं नव्हतें. तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर या किल्ल्यांच्या पायथ्यांमधून पवना नदी त्या काळीं मोकळी वाहत होती. तिच्यावरील धरण, धरणामागचा विस्तीर्ण जलाशय आणि धरणाच्या कामाबरोबर वसलेली पवनानगरची वस्ती या साऱ्या १९७० च्या सुमाराच्या गोष्टी. १९३५ सालचें पवन मावळ म्हणजे भातखाचरांचा, मुसळधार पावसाचा आणि बैलगाडीच्या वाटांचा मुलूख. मुंबई-पुण्याची आगगाडी कामशेतावरून दिवसरात्र धडधडत जाई. पण स्टेशन सोडून दोन-चार कोस आंत गेलें कीं शहराचें वारें तेथें लागत नसे.

विजेची मावळांतील कथा तर मोठी विलक्षण आहे. लोणावळ्याच्या परिसरांत डोंगरमाथ्यावर पाणी अडवावें, तें घाटाखालीं खोपोलीस सोडावें आणि त्या पडत्या पाण्यावर निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवावी, ही टाटांची योजना १९१५ सालीं सिद्धीस गेली. पुढें शेजारच्या मुळशीस असेंच धरण होऊं लागलें तेव्हां जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह मांडला, आणि सेनापति बापट हें नांव त्या लढ्यानें महाराष्ट्रांत घरोघर झालें. मावळच्या पाण्यावर मुंबईचे माग चालत, आणि मावळांतल्या खेड्यांत दिवेलागणीला घासलेटची चिमणी पेटे. मुंबईनें या मुलुखाकडून घेतलें पुष्कळ. दिलें काय, याचा हिशेब मांडूं गेल्यास जमेची बाजू फार मोठी भरत नाहीं. त्या लहानशा जमेंत ग्रामोफोनची तबकडी एक धरावी लागेल.

कारण या यंत्राला वीज लागत नव्हती. किल्ली पिळावी, तबकडी फिरूं लागली म्हणजे पोलादी सुई हलकेच टेकवावी, आणि मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या त्या काळ्या चकतीवरून तीन-सवातीन मिनिटें गाणें ऐकावें. मग सुई बदलावी, बाजू उलटावी, आणखी तीन मिनिटें. चकती लाखेची, छोटा नागपुरच्या जंगलांत पळस-कुसुंबाच्या डहाळ्यांवर किड्यांनीं केलेली जी लाख, तीच दगडाच्या भुकटींत आणि काजळींत कालवून दाबलेली. हातून पडली कीं खापरासारखी फुटे.

त्या तबकडीवर १९३५ सालीं काय होतें? संगीताच्या इतिहासांत हें वर्ष दुसऱ्याच कांहीं गोष्टींसाठीं लक्षांत राहिलें आहे. ज्या बालगंधर्वांनीं एक पिढी स्त्रीभूमिकांनीं वेडावून सोडली, ते त्या वर्षीं 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' बोलपटांत संत एकनाथ झाले. कलकत्त्यास 'देवदास' निघाला आणि सैगलचा आवाज देशभर गेला. मिरजेचे खांसाहेब अब्दुल करीमखां यांच्या 'ओडियन' तबकड्या याच सुमारास बाहेर पडत होत्या. पुढें दोनच वर्षांनीं, १९३७ सालीं, खांसाहेब निवर्तले. नभोवाणीचा कारभार पाहण्यास लायोनेल फील्डन विलायतेहून याच वर्षीं आले, आणि दुसऱ्या वर्षीं 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव रूढ झालें. या घटना सर्वतोमुखीं आहेत. परंतु मुंबईंत वडाळ्यास त्याच वर्षाच्या सुमारास एका नव्या कारखान्याचें यंत्र चालूं झालें, त्याची दखल फार थोड्यांनीं घेतली. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी हें तिचें लांबलचक नांव. तबकडीवर मात्र दोनच शब्द असत, 'यंग इंडिया'.

हें धाडस किती मोठें होतें हें कळण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. १९०२ सालीं गैस्बर्ग नांवाचा एक ध्वनिमुद्रक कलकत्त्यास उतरला आणि त्यानें गौहरजानचा आवाज मेणावर धरला, तेव्हांपासून हिंदुस्थानांतील गाण्याच्या तबकड्यांचा व्यापार बहुतांशीं परकी कंपन्यांच्या हातीं होता. आरंभीं तर गाणें येथें मुद्रित होई आणि तबकडी जर्मनींत हॅनोव्हरला छापून आगबोटीनें परत येई. १९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदहास कारखाना निघाला, १९२८ सालीं तो दमदमला मोठ्या प्रमाणावर थाटला गेला. १९३१ सालीं विलायतेंतील दोन बड्या कंपन्या एकत्र झाल्या, आणि 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा कुत्रा व 'कोलंबिया' हीं दोन्ही चिन्हें एकाच धन्याचीं झालीं. कलकत्त्यांत देशी मंडळींनीं 'हिंदुस्थान', 'मेगाफोन' अशीं स्वतःचीं चिन्हें काढलीं हें खरें. सैगलला प्रथम 'हिंदुस्थान'नेंच पुढें आणलें. पण त्यांच्याहि तबकड्या दमदमलाच छापून घ्याव्या लागत. 'यंग इंडिया'चें वेगळेपण हें कीं गाणें निवडण्यापासून लाख दाबण्यापर्यंत सर्व काम तिनें आपल्या हातीं घेतलें. नांवहि असें निवडलें कीं तें वाचतांच गांधीजींच्या साप्ताहिकाची आठवण व्हावी. व्यापारी मनुष्य देशभक्तीच्या वाऱ्याला आपलें शीड लावतो, यांत गैर कांहींच नाहीं.

नामांकित गवई बहुधा बड्या कंपन्यांशीं करारानें बांधलेले असत. नव्या कंपनीला उरले कोण? तर हौशी मंडळी. कोणी शाळेंतला मास्तर, कोणी कचेरींतला कारकून, कोणी गणेशोत्सवाच्या मेळ्यांत टाळ्या मिळविलेला तरुण, कोणी गाणें शिकणारी मुलगी. 'यंग इंडिया'च्या यादींत बोलपटांचीं गाणीं होतीं, रागदारी होती, लोकगीतें होतीं, शिक्षणाच्या व प्रचाराच्याहि तबकड्या होत्या. पण तिचा खरा स्वभाव या हौशी आवाजांत आहे. असा गायक एकदां यावा, दोन बाजूंस दोन गाणीं म्हणून जावीं, आणि पुन्हां त्याचें नांव कोठेंच दिसूं नये, असें येथें पुष्कळदां घडलें आहे. मोठ्या कलावंताच्या चरित्रांत एक तबकडी म्हणजे एक तळटीप. या माणसांच्या बाबतींत ती एक तबकडी म्हणजेच सारें चरित्र.

हौशी गळा तबकडीवर येऊं शकला याचें श्रेय रसिकतेइतकेंच शास्त्रालाहि आहे. १९२५ पूर्वीं गायकाला एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावें लागे. भरदार, कमावलेला आवाज तेवढा मेणावर उमटे. नाजूक आवाज विरून जाई. त्या वर्षापासून विजेच्या मायक्रोफोननें ध्वनिमुद्रण होऊं लागलें आणि पुटपुटल्यासारखें गाणेंहि पकडतां येऊं लागलें. मराठींतील भावगीत हें या मायक्रोफोनचें लेकरूं होय, असें म्हटल्यास रविकिरण मंडळाचे अभिमानी रागावतील. कविता गाऊन दाखविण्याची गोडी त्या मंडळाच्या कवींनीं लावली यांत शंका नाहीं. परंतु सभेंतील काव्यगायन आणि घरांतील खोलींत जवळच्या माणसाला ऐकवावें तसें गाणें, यांत अंतर आहे. तें अंतर मायक्रोफोननें तोडलें. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी या नागपूरकडील वकिली शिकलेल्या तरुणानें गाइली, आणि तिच्या तबकडीनें पेशानें गवई नसलेल्या माणसांना धीर दिला. स्वतः जोश्यांनीं पुढें वकिली सोडून बड्या ग्रामोफोन कंपनींतच ध्वनिमुद्रणाचें काम पत्करलें. 'यंग इंडिया' निघाली ती या उघडलेल्या दारांतून.

या दारांतून स्त्रियाहि आल्या, आणि ही गोष्ट त्या वर्षाच्या हिशेबांत सर्वांत मोलाची मानली पाहिजे. पहिल्या तबकड्या गाइल्या त्या बहुतेक पेशेदार गायिकांनीं. भल्या घरच्या स्त्रीनें चार लोकांत गाणें हें पांढरपेशा समाजास सोसत नव्हतें. हिराबाई बडोदेकरांनीं तिकीट लावून जलसे केले, १९३३ सालीं 'आंधळ्यांची शाळा'मध्यें ज्योत्स्नाबाई भोळे रंगभूमीवर गाइल्या, त्यांनीं वाट पाडली; पण त्या वाटेनें जाण्यास प्रत्येकीच्या अंगीं तेवढें धैर्य कोठून असणार? तबकडीची सोय अशी कीं गाणारी दिसत नाहीं. बंद खोलींत दोन गाणीं म्हणावीं आणि घरीं यावें. पुढें ते स्वर अनोळखी घरांत, अनोळखी माणसांपुढें वाजत राहतात, आणि वडिलधाऱ्यांना बोलण्यास जागा राहत नाहीं. समाजसुधारकांच्या व्याख्यानांनीं जें काम हळू हळू होत होतें, तें या दहा इंची चकतीनें मुकाट्यानें केलें.

गाण्याची प्रत सर्वत्र उत्तम होती असें मात्र नव्हे. आज या तबकड्या ऐकणाऱ्यास स्वर डगमगलेले आढळतात, पेटी गळ्यावर कुरघोडी करते, बोलपटांतील गाजलेल्या चालींची सरळ नक्कल कानीं पडते. मोठा कारागीर आपला दोष झांकतो, हौशी माणसाला तें जमत नाहीं. आणि त्यामुळेंच त्या काळच्या साध्या घरांत गाणें खरोखर कसें म्हटलें जाई याचा पुरावा बालगंधर्वांच्या तबकडींत मिळत नाहीं, तो येथें मिळतो.

कंपनी वीस वर्षें टिकली. १९५५ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तोंपर्यंत घरोघर रेडिओ आला होता आणि न फुटणारी, लांब वाजणारी नवी तबकडी बाजारांत उतरली होती. लाखेच्या चकत्या माळ्यांवर गेल्या, तेथून जुन्या बाजारांत. हौशी गायकाची दुसरी आवृत्ति निघत नाहीं. शेवटची प्रत फुटली कीं तो आवाज जगांतून गेला. १९९० सालीं मुंबईंत जुन्या तबकड्या जमविणाऱ्यांची संस्था स्थापन झाली, तिच्या मंडळींनीं खाजगी संग्रहांतून 'यंग इंडिया'च्या चकत्या शोधून काढल्या, आणि या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपासून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या साह्यानें त्यांचे आवाज संगणकावर उतरविले. विलायती व्यापाराशीं टक्कर देण्यास निघालेल्या कंपनीचा ठेवा विलायतेच्या मदतीनें वांचावा, हा योग दैवाच्या विनोदबुद्धीची साक्ष देतो.

एवढें वांचलें तरी वडाळ्याच्या यंत्रापर्यंत जें कधीं पोंचलेंच नाहीं तें निराळें. मुंबईच्या बाजारांत खपेल तें कंपनीनें मुद्रित केलें. पवन मावळांत पहाटे जात्याशीं बसून बायका ज्या ओव्या गात, त्यांना गिऱ्हाईक कोण होतें? माहेर, सासर, भाऊ, विठोबा, पिकाची काळजी, नवऱ्याचा जाच, हें सारें तेथें रोज नव्यानें गाइलें जाई आणि पिठाबरोबर संपे. जात्याच्या जागीं गिरणी आली तशी ती पहाटहि संपूं लागली. मुळशी-मावळ भागांत काम करणाऱ्या हेमा रायरकर आणि गी प्वातवें यांनीं १९८० नंतर या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. गांवोगांवच्या स्त्रियांकडून मिळालेल्या त्या ओव्यांची संख्या एक लाखावर गेली. १९९० नंतरच्या दशकांत बर्नार्ड बेल यांच्या साह्यानें त्यांतील पुष्कळशा गाणाऱ्यांच्या तोंडूनच ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत ज्या म्हाताऱ्या सत्तरीच्या घरांत होत्या, त्या १९३५ सालीं आठ-दहा वर्षांच्या मुली असतील, आणि आईच्या मांडीला डोकें टेकून जात्याच्या घरघरींत हेंच गाणें ऐकत पुन्हां झोंपीं जात असतील.