तळटीप : यूझर मॅपिंग
* पोस्टग्रेस डेटाबेसमधून दूरच्या सर्व्हरवरचे टेबल वाचताना इथला वापरकर्ता तिथे कोणत्या नावाने आणि पासवर्डने शिरेल, याची नोंद. लेखकाने ‘पब्लिक’ मॅपिंगचा उल्लेख ओझरता केला असला, तरी खरी जोखीम तिथेच आहे. टेबल वाचण्याची परवानगी आहे, पण स्वतःची नोंद नाही, अशा प्रत्येकाला तेच लागू होते. मग पलीकडच्या सर्व्हरला ही सगळी माणसे एकच दिसतात. कोणी काय पाहिले, याचा माग तिथे उरत नाही. म्हणून ते शक्यतो टाळावे, निदान त्यामागचे खाते केवळ वाचनापुरते ठेवावे. शिवाय मॅपिंगमधला पासवर्ड कूटबद्ध न होता साठवला जातो आणि सुपरयूझरने घेतलेल्या पीजी-डम्पच्या बॅकअपमध्येही जसाच्या तसा उतरतो. – संपादक