पडद्यावरची गोष्ट आणि पडद्यावरचे अक्षर

बडोदे संस्थानातील सक्तीच्या शिक्षणाचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग झाला, १९०६ मध्ये कायदा सर्व संस्थानास लागू झाला. त्यामानाने सयाजीराव महाराजांना पुढे पडलेल्या प्रश्नाची चर्चा कमी होते. शाळा सुटल्यावर खेड्यातील मुलाच्या हाती वाचावयास काहीच नसेल, तर मिळविलेली अक्षरओळख किती दिवस टिकणार? कायद्याने मूल शाळेत बसविता येते, वाचक करता येत नाही. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हे वेगळे सांगावे लागत नाही.

१९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना पाचारण करून महाराजांनी ग्रंथालय खाते उभारले. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. १९१२ मध्ये निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’त इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठीलाही स्थान होते. पण खरी मौज आहे ती या खात्याच्या दृश्यशिक्षण शाखेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी जादूचा कंदील, स्टिरिओस्कोप आणि सिनेमाचे यंत्र! ग्रंथालयाने निरक्षरासही आपले मानावे, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच. तरी चित्र पाहणाऱ्याची अक्षराशी गाठ पडेलच, असे मात्र नव्हते.

ती गाठ पुढे गुजरातेतच पडावी, हा योग मोठा. ब्रिज कोठारी यांना १९९६ मध्ये सुचलेली युक्ती साधी होती: गाणे ज्या भाषेत, त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्यावर उमटवायचे. अहमदाबादच्या आय.आय.एम.मधून त्यांनी ती दूरदर्शनवरील चित्रपटगीतांपर्यंत नेली. गाणे पाठ असते, म्हणून शब्द दिसण्याआधीच ओठांवर येतो आणि डोळा त्याच्या मागोमाग जातो.

अमेरिकेत जो लॅम्बर्ट व डेना अॅचली यांनी १९९० च्या दशकात रुजविलेली ‘डिजिटल’ कथनाची रीत हेच वेगळ्या वाटेने साधते. मुलाने स्वतःची गोष्ट लिहावी, स्वतःच्या आवाजात वाचावी, तीस चित्रे जोडावीत. वाचनात अडखळणाऱ्यास येथे मजकूर परका नसतो. दहादा चुकून पुन्हा वाचले, तरी यंत्र हसत नाही.

आपल्या घरांतील नातवंडे मराठी बोलतात. पण शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकल्यामुळे देवनागरीतील ख, ज, भ यांपाशी थबकतात. आजीची एखादी गोष्ट मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ती त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी आणि चित्रांखाली ती अक्षरे उमटवावीत. यंत्राकडून आपोआप लिहून घेण्याची सोय आता आहे. ती येथे वापरू नये.