एकाकी सागरतरण आणि साक्षीपुराव्याचा प्रश्न

एकट्या माणसाने लहान होडीतून महासागर ओलांडला, या विधानाचा साक्षीदार बहुधा एकच असतो आणि तो स्वतः तो प्रवासीच असतो. निघाल्याचे बंदर आणि पोहोचल्याचे बंदर यांची शहानिशा करता येते. मधल्या पाण्याची करता येत नाही. कायाक या चिंचोळ्या, वल्ह्याने चालविण्याच्या होडीतून झालेल्या महासागरी सफरींचा इतिहास लिहिताना ही अडचण पदोपदी आडवी येते.

या इतिहासाचा आरंभ फ्रान्झ रोमर या जर्मन दर्यावर्दीपासून करावा लागतो. १९२८ च्या वसंत ऋतूत तो लिस्बनहून घडीच्या कायाकमधून निघाला आणि कॅनरी बेटांवरील लास पाल्मास गाठून जूनच्या आरंभी पश्चिमेकडे वळला. लाकडी सांगाडा व त्यावर रबर चढविलेले कापड, एवढीच ती होडी. ईशान्य व्यापारी वारे आणि त्यांच्याच दिशेने वाहणारा सागरी प्रवाह यांचा लाभ घेण्यासाठी हाच मार्ग योग्य होता. १४९२ मध्ये कोलंबसही कॅनरी बेटांवरूनच पश्चिमेस निघाला होता. रोमरच्या होडीस लहानसे शीडही होते. ५८ दिवसांनी तो सेंट थॉमस बेटाला लागला. इतके दिवस अंग पसरून निजणे त्याला शक्य नव्हते. पुढे सप्टेंबरात तो पोर्तो रिकोतील सान हुआनहून निघाला आणि त्याच सुमारास त्या प्रदेशावर आलेल्या प्रचंड चक्रीवादळात नाहीसा झाला. सफरीचा सविस्तर वृत्तांत लिहिण्यास तो उरलाच नाही. त्याच्या ५८ दिवसांविषयी आज जे ठाऊक आहे ते बव्हंशी बंदरावर उतरल्यानंतर त्याने सांगितलेल्या हकिकतींवर आणि तत्कालीन वार्तांवर आधारलेले आहे.

पराक्रमाच्या दृष्टीने रोमरहून कमी नसलेला, परंतु कीर्तीच्या दृष्टीने त्याच्यावर पूर्ण मात करणारा प्रवासी म्हणजे डॉ. हानेस लिंडेमान. १९५५ मध्ये त्याने झाडाचे खोड कोरून केलेल्या आफ्रिकी होडीतून अटलांटिक ओलांडला होता. त्यानंतर २० ऑक्टोबर १९५६ रोजी तो लास पाल्मासहून अवघ्या ५.२ मीटर लांबीच्या, शीड बसविलेल्या घडीच्या कायाकमधून निघाला आणि ७२ दिवसांनी सेंट मार्टिन बेटावर उतरला. १९५७ मध्ये 'लाइफ' नियतकालिकाने त्याला मुखपृष्ठावर स्थान दिले. १९५८ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. रोमरचे नाव मागे पडले, त्याचे एक कारण येथेच सापडते.

लिंडेमान वैद्य होता व स्वतःचेच शरीर त्याने प्रयोगासाठी निवडले होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. समुद्राचे पाणी थोडथोडे पिऊन जगता येते, असे आलँ बोम्बार या फ्रेंच वैद्याने १९५२ च्या आपल्या रबरी नावेतील सफरीवरून प्रतिपादिले होते. लिंडेमानने या मताला स्पष्ट विरोध केला, आणि वैद्यकशास्त्राचा कौलही त्याच्याच बाजूने आहे. तथापि त्याचा खरा रोख मनावर होता. निघण्यापूर्वी कित्येक महिने त्याने स्वयंसूचनेचा अभ्यास केला: आपण पार पडू, हार मानावयाची नाही, पश्चिमेकडेच जावयाचे, ही वाक्ये त्याने मनावर बिंबवून घेतली. प्रवासाच्या उत्तरार्धात होडी दोनदा उलटली. त्यांपैकी एका प्रसंगी उजाडेपर्यंत तो उलट्या होडीला धरून होता. निद्रानाशामुळे झालेले दृष्टिभ्रम व आवाजांचे भासही त्याने लपविलेले नाहीत.

येथे इतिहासकाराने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. स्वतःच्या भ्रमांची कबुली देणारा साक्षीदार सामान्यतः अधिक विश्वसनीय वाटतो. लिंडेमानची हकिकत त्या अर्थाने खात्रीची होय. परंतु आपल्याला त्या वाक्यांनीच तारले, हे त्याचे अनुमान आहे. ती घटना नव्हे. एका माणसावरून, तोही आधीच कसलेला, असा कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. रोमर अशा कोणत्याही पद्धतीचा आधार न घेता तोच महासागर पार करून गेला होता, याचा विसर पडू नये.

पुराव्याची तिसरी तऱ्हा पुढे २००७ मध्ये दिसली. अँड्र्यू मॅकॉले हा ऑस्ट्रेलियन ११ जानेवारीस टास्मानियाहून न्यूझीलंडकडे एकटा निघाला. निजताना होडीच्या तोंडावर ओढून घेण्यासाठी त्याने एक घुमटाकार झाकण बनविले होते. ९ फेब्रुवारीस, किनारा आटोक्यात आला असता, त्याचा संकटसंदेश ऐकू आला. दुसऱ्या दिवशी होडी सापडली. तो सापडला नाही. कॅमेऱ्यातील चित्रे मात्र शाबूत होती. त्यांत त्याचा थकवा आणि त्याची भीती त्याच्याच तोंडून ऐकावयास मिळते. रोमर पोहोचला आणि वृत्तांत राहिला नाही. मॅकॉलेचा वृत्तांत पोहोचला. शेवटच्या संध्याकाळी काय घडले, ते मात्र त्या चित्रांत नाही. होडीच्या अवस्थेवरून तर्क तेवढा करता येतो.