मागच्या हाऊसिंगमधलं तेल शेवटचं कधी बघितलंत?

यंदा ऐन सीझनमध्ये माझ्या आतेभावाची पिकअप आंबा घाटात बसली. रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरला निघाला होता. आधी दोन दिवस मागून घोंघों आवाज येत होता, "बेअरिंग असेल" म्हणत त्याने तसेच काढले. खोललं तेव्हा हाऊसिंगमध्ये वाटीभर काळा चिखल आणि क्राऊन-पिनियनचे दात कुणीतरी चावल्यासारखे. इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललेलं, पण मागचं तेल गाडी घेतल्यापासून एकदाही कुणी बघितलेलं नव्हतं. ब्रीदर चिखलाने बुजलेला, आत दाब वाढून सील गेलेलं, आणि तेल थेंबाथेंबाने रस्त्यावर.

दोष त्या एकट्याचा नाही. हे ज्ञान आपल्याकडे घरोघरी होतं, मधल्या काळात ते विसरलं गेलं. कसं, ते सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर पडतं, ते चार फेरे जास्त फिरतं, कुणाची तक्रार नाही. कारण बैल चाक फिरवत नाही, गाडी ओढतो. यंत्राने चाकच फिरवायचं ठरवलं तेव्हा भानगड सुरू झाली. दोन्ही चाकं एका दांड्याला पक्की केली तर वळताना एक फरफटतं. १८२७-२८ च्या सुमारास फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर याने वाफेच्या गाडीसाठी यावर गिअरचा तोडगा काढला. १८७७ साली इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्लीने तोच पायडलच्या तीनचाकीला लावला. हाच आपला डिफरन्शियल.

पुढची मोठी उडी १९२६ ची. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने हायपॉइड गिअर वापरले. यात पिनियन क्राऊनच्या मध्यावर न येता खाली येतं. त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट खाली गेला, गाडीचा फ्लोअर खाली गेला. मात्र दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात. साधं तेल तिथून पिळून बाहेर पडतं आणि लोखंडाला लोखंड लागतं. म्हणून तेलात गंधकाची, पुढे फॉस्फरसची संयुगं आली. घर्षणाने तापल्यावर ती दातावर पातळ थर धरतात, झिजतो तो थर, दात वाचतो. हाऊसिंग खोलल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो या गंधकाचा.

आपल्या गॅरेजात त्याला सरसकट "नव्वद नंबर" म्हणतात. पण नव्वद म्हणजे नुसती जाडी. दात वाचवण्याची ताकद डब्यावरच्या जीएल-४, जीएल-५ या खुणेत असते. हायपॉइडला बहुतेक वेळा जीएल-५ लागतं, आणि तेच गिअरबॉक्समध्ये ओतलं तर आतल्या पितळी रिंगांना ते बाधू शकतं. एकच डबा दोन्हीकडे रिकामा करायची सवय तिथे अंगाशी येते.

आता गोष्टीतला देवमासा. साध्या डिफरन्शियलचा एक जुना दोष आहे: एक चाक चिखलात सुटलं की ते नुसतं गरगरतं आणि कोरड्यावरचं चाक ढिम्म. पावसाळ्यात जीपमधून उतरून ढकललेल्यांना हे सांगायला नको. त्यावर उपाय म्हणून आत क्लच प्लेटी घातलेला लिमिटेड स्लिप प्रकार आला. १९५६ मध्ये स्टुडबेकर-पॅकार्डने तो विकत मिळणाऱ्या गाड्यांत दिला, मागोमाग शेवरलेटने. पण वळताना प्लेटी धरत-सोडत थरथरायच्या. त्यांना मऊ सरकवणारं काहीतरी हवं होतं, आणि ते मिळालं स्पर्म देवमाशाच्या तेलात. दाब आणि उष्णता सोसणारं हे तेल गिअर ऑइलमध्ये आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलातही जायचं. गाडी गुळगुळीत वळावी म्हणून समुद्रात देवमासे मारले जात होते! १९७० साली अमेरिकेने स्पर्म देवमाशाला संकटग्रस्त यादीत घातलं आणि तेल कंपन्यांना पाककृतीच बदलावी लागली. पर्याय शोधताना वाळवंटातल्या जोजोबाच्या बियांकडे लक्ष गेलं. आज आपल्या राजस्थानात त्याची लागवड आहे.

आपल्याकडे १९४९ साली मुंबईत विलीज जीप जोडली जाऊ लागली. पुढे अॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी. सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, त्यामुळे प्रत्येक ड्रायव्हरला मागचा नट माहीत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिची पुढची चाकं ओढायची, मागे हाऊसिंगच नाही. एक अख्खी पिढी त्यावर गाडी शिकली, आणि मागे तेल असतं हेच विसरली. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतून काळी-पिवळी पद्मिनीही गेली. हाऊसिंग मात्र कुठे गेलं नाही. गावातली पिकअप, वडापची जीप, शाळेची ओम्नी, इको, नवी थार, सगळ्यांच्या मागे ते आहेच.

आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे ते कसं ओळखायचं? सपाट जागा, पुढच्या चाकांना दगड, मागची दोन्ही चाकं जॅकने उचलून खाली भक्कम स्टँड. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर साधा डिफरन्शियल, त्याच दिशेने फिरलं तर क्लचवाला किंवा लॉक झालेला. पण ही परीक्षा फसवते. क्लच प्लेटी झिजल्या असतील तर तोही उलटा फिरतो. आणि थारच्या काही मॉडेलमध्ये जो आपोआप लॉक होणारा प्रकार येतो, तो दोन चाकांच्या वेगात बराच फरक पडल्यावरच पकडतो, म्हणजे हाताने फिरवल्यावर साधाच वाटणार. म्हणून शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तकाचा. क्लचवाल्यासाठी वेगळी बाटली मिळते, ती "चांगली असते" म्हणून कुठेही ओतू नका.

बदलताना थोडी गाडी चालवून तेल कोमट करा. आधी वरचा, भरायचा नट सुटतो का बघा, मगच खालचा. उलटं केलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर तेल जमिनीवर आणि गाडी तिथेच. खालच्या नटावर चुंबक असेल तर त्यावरचा बारीक काळा लेप चालतो. दाताचे कपचे दिसले तर मिस्त्रीला बोलवा. नवं तेल वरच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंतच. जास्त भरलं तर सीलमधून ब्रेक लायनरवर येतं, आणि घाटात ते कळतं. ब्रीदर साफ करायला विसरू नका, आतेभावाचं सगळं तिथूनच सुरू झालं.

राहिलं निघालेलं तेल. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. आपल्याकडे ते अजून गॅरेजमागच्या ओढ्यात नाहीतर कुंपणाच्या खांबांना. आतेभावाच्या गाडीनंतर गल्लीतल्या आणखी दोन गाड्यांचं तेल आम्ही बदललं. सगळं मिळून पाच लिटरचा कॅन भरलाय, माझ्या पडवीत उभा आहे. तालुक्यात तो रीतसर घेणारं कुणी असेल तर मला पत्ता कळवा, मी स्वतः नेऊन देतो.