नांवांत उरलेले मासे

दख्खनच्या गोड्या पाण्यांतील माशांच्या शास्त्रीय नांवांची यादी चाळूं लागलें, कीं लॅटिन शब्दांच्या गर्दींत घरचीं माणसें भेटल्यासारखें होतें. खुद्री, शिंगटी, घोगरा, कोळस! हीं नांवें तेथें नेऊन बसविलीं कर्नल विल्यम साइक्स यांनीं. मुंबई सरकारच्या नोकरींत १८२४ पासून दख्खनची पाहणी करीत असतां त्यांनीं मासेहि टिपले, आणि १८४१ मध्यें लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या ग्रंथांत त्यांचीं वर्णनें छापलीं. शास्त्रांत मान साइक्सना मिळाला. नांवें ज्यांच्या तोंडचीं, त्या मासेमारांना तो कोणी दिला नाहीं.

यांतली खुद्री, म्हणजे आपल्याकडील महसीर, साइक्सना मिळाली ती पुण्याच्या पूर्वेस, मुळामुठेंत. आज तेथें तिचा शोध व्यर्थ आहे. जाळें टाकणाऱ्यावर दोष ढकलणें सोपें. पण माझ्या मतें खरें कारण पाण्यापेक्षां भोंवतालच्या जमिनींत आहे. खुद्रीचीं अंडीं वाहत्या, स्वच्छ पाण्याखालच्या वाळूगोट्यांच्या फटींत वाढतात. डोंगरउतारावरची झाडी तुटली, कीं पावसाबरोबर माती खालीं येते, फटी बुजतात आणि अंड्यांना प्राणवायु मिळेनासा होतो. काठच्या झाडांवरून पाण्यांत पडणारीं फळें व किडे हा तिचा घास. झाडांबरोबर तोहि जातो. १८७९ मध्यें खडकवासल्याचें धरण पुरें झालें. कालव्याखालीं ऊंस आला, शहर पसरलें, वरच्या खोऱ्यांत आणखी धरणें झालीं. वर धांवतें पाणी थांबलें आणि खालीं सांडपाणी आलें.

साचल्या पाण्यांत मग उत्तरेकडचे रोहू, कटला सोडले गेले. १९५२ मध्यें हिंदुस्थानांत आणलेला आफ्रिकेचा तिलापियाहि येऊन पोंचला. टोपली भरते खरी, पण तींत वाण थोडे.

खुद्री मात्र नामशेष झाली नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत लोणावळ्यास टाटांच्या केंद्रांत तिचीं पिल्लें वाढवूं लागले आणि तीं दूरदूरच्या नद्यांत सोडण्यांत आलीं. कावेरींत तिनें असा जम बसविला, कीं तेथला मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर मागें पडण्यास तीहि एक कारण झाली, असें अभ्यासक मानतात. तो मासा २०१८ मध्यें अतिसंकटग्रस्तांच्या यादींत गेला.